कोपऱ्यातलं चहाचं झाड

१

गुन्हा उघडकीस आला तेव्हा गुन्हेगार काचेच्या बाटलीत मिशा हलवत बसला होता. प्रोफेसर राइनहार्ट यांनी ती बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत न बसताच विचारलं, "फ्राऊ डॉक्टर सोमण, मेलेले किडे तुम्ही ओळखता. हा जिवंत आहे. चालेल ना?"

मी जर्मनीतल्या येना विद्यापीठाच्या कीटकसंग्रहात काम करते. तळघरातली एक खोली, लाकडी पेट्या, पेट्यांत टाचण्यांवर टोचलेले किडे आणि मी. पुण्याहून इथे आले तेव्हा हा वेगळाच देश होता, पूर्व जर्मनी. तो देश बुडाला, माझ्याबरोबरचे लोक पश्चिमेला निघून गेले, मी राहिले. लग्न जमलं नाही आणि पुढे जमवायचं राहूनच गेलं. मराठी विसरू नये म्हणून मी पेट्यांतल्या भुंग्यांशी बोलते. ते उलट उत्तर देत नाहीत, एवढीच त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे.

राइनहार्ट यांची संस्था टेकडीपलीकडे होती, लहानशी. तिथल्या हरितगृहात चहाची झाडं वाढवली होती. किडा लागला की चहाचं पान कोणता वास सोडतं, हे शोधायचं काम चाललं होतं आणि ते करत होती कादंबरी सामंत, कुडाळची मुलगी, डॉक्टरेटचं तिसरं वर्ष. मी तिला ओळखत होते. म्हणजे दिवाळीला इथल्या मराठी मंडळींत दोनदा भेट झाली होती आणि "एकदा नक्की या हं घरी" असं दोघींनी एकमेकींना म्हटलं होतं. अर्थात कुणी गेलं नव्हतं.

"आल्झो," राइनहार्ट म्हणाले, "हिवाळ्यात तिनं चहावरचा हा किडा भारतातून जिवंत आणायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. आता मे महिना उजाडतोय आणि तोच किडा माझ्या हरितगृहात उडतोय. मी काय समजायचं?"

"ती काय म्हणते?"

"मी आणला नाही, म्हणते. आणि त्यापुढे गप्प. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं."

परवानगीशिवाय परदेशी कीड आत आणणं म्हणजे कादंबरीचा करार रद्द. करार गेला की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की डॉक्टरेट इथेच सोडून विमानात बसायचं. शुक्रवारी संस्थेची बैठक होती. त्याआधी मी किड्याचं नाव लेखी द्यायचं होतं.

"फक्त नाव?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी तेवढंच. नाव कळलं की बाकी सगळं उघड आहे."

मला या माणसाचा रागच आला. मी आयुष्यभर नावं देत आले आहे. नाव कळल्यावर गोष्ट सुरू होते, संपत नाही, हे यांना कोण सांगणार? मी बाटली ठेवून घेतली आणि म्हटलं, "आधी मला झाडं बघायची आहेत."

२

हरितगृहात शिरल्याबरोबर माझ्या चष्म्यावर वाफ धरली. आत कोकणातल्या सप्टेंबरसारखी हवा होती. चहाची झाडं मात्र बघवत नव्हती. कोवळ्या पानांवर तपकिरी गोल डाग, जुने डाग काळे पडलेले, शेंडे वाळून मुरगळलेले. कुणी रागारागानं तेजाब शिंपडावं तशी अवस्था.

कादंबरी एका बाकावर बसून होती. तिच्या हातातलं काम काढून घेतलं होतं, पण यायला बंदी नव्हती, म्हणून ती येत होती. मला बघून उभी राहिली. "विभावरीताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" एवढंच म्हणाली. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला आहे. हा तसा नव्हता. हा कुणाच्या तरी आजारपणात रात्री जागवलेल्या माणसाचा चेहरा होता.

मी दोन पानं आणि बाटलीतला गुन्हेगार घेऊन तळघरात परतले आणि त्याला सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं.

हा किडा पान कुरतडत नाही. तो सोंड खुपसून रस पितो आणि पिता पिता आपली लाळ आत सोडतो. त्या लाळेनं पानाचा तेवढा भाग मरतो, तोच डाग. सकाळी आणि उन्हं उतरताना हा खातो, भर दुपारी पानाआड दडतो, त्यामुळे लोकांना डाग दिसतात आणि किडा दिसत नाही. इंग्रजीत याला चहाचा डास म्हणतात, पण हा डास नव्हे. ढेकणांच्या जातकुळीतला आहे. आणि त्याची ओळख पटवायला फार शिकावं लागत नाही. त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एक टाचणी उभी असते. अगदी टाचणीच, वर गोल डोकं असलेली. माझ्या पेट्यांतल्या सगळ्यांना मी टाचण्या टोचल्या, हा स्वतःची घेऊन जन्माला आला.

टाचणी दिसली. म्हणजे राइनहार्ट यांचं बरोबर होतं.

पण मग मी त्याचा रंग पाहिला. आसामातल्या चहावर जो असतो त्याचं पोट हिरवट. माझ्या पेटीत जुने नमुने होते, मी ते शेजारी ठेवून पाहिले. याचं डोकं काळं, छाती तांबूस तपकिरी आणि पोट काळं-पांढरं. भाऊ म्हणावा इतका सारखा, पण तो नव्हे. हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा. काजूच्या मोहरावर पडतो. वेंगुर्ल्याकडचे बागायतदार याला ढेकण्या म्हणतात आणि नाव घेताना तोंड वाकडं करतात.

कादंबरी आसामला गेली होती ती नोव्हेंबरात. तिथून तिनं किडा आणला असता तर तो हिरव्या पोटाचा असता. शिवाय याची एक पिढी महिन्याभरात होते. नोव्हेंबरात आलेला किडा वसंतापर्यंत लपून राहिला नसता, त्यानं हरितगृह केव्हाच फस्त केलं असतं. हा मार्चच्या आसपास आला होता आणि आसामातून आलाच नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी पेटीतल्या भुंग्याला मोठ्यानं म्हटलं, "सुटली रे पोरगी!"

आणि पुढच्याच क्षणी आठवलं. पोरगी कुडाळची. कुडाळात काजू नाही असं परस शोधून सापडायचं नाही. मी तिला सोडवायला गेले आणि फास आवळून बसले.

३

दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ लिंडनर यांना गाठलं. हरितगृह त्यांच्या ताब्यात होतं. साठीच्या जवळपासची, हाडापेरानं मजबूत बाई, सदा कुरकुरणारी. मला त्या आवडल्या. कुरकुरणारी माणसं बारीक पाहतात.

"पहिले डाग कधी दिसले?"

"ओस्टर्नच्या आठवड्यात. मला वाटलं खत जास्त झालं. मीच स्वतःला दोष देत बसले." ओस्टर्न म्हणजे ईस्टर, यंदा एप्रिलमध्ये आला होता.

"आत कोण कोण येतं?"

"कोण येत नाही ते विचारा!" त्यांनी हातमोजे काढून आपटले. "शाळेची पोरं येतात, पानं तोडतात. दिव्यांचं काम करणारे येतात, शिडी माझ्या रोपांवर ठेवतात. मार्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले, कुणाचे ते मला कुणी सांगत नाही, ते दाराशी बूट काढून चक्क मोज्यांवर आत! जमीन ओली, माणूस घसरला तर जबाबदार कोण? शेवटी मीच वर्तमानपत्र अंथरलं. आणि प्रोफेसरांचे पाहुणे, त्यांचे तर बूटही चिखलाचे."

"आणि कादंबरी?"

त्यांनी हातमोजे उचलले. "ती पाणी घालताना झाडांशी बोलते. तुमच्या भाषेत. असं माणूस झाडं मारेल का, ते मला माहीत नाही. पण मी काही शास्त्रज्ञ नाही."

मी मनात म्हटलं, एक भुंग्यांशी बोलते आणि एक चहाशी, देवानं येनात चांगली माणसं जमवली आहेत.

दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, गौरांग मेस्त्री भेटला. देवगडचा, त्याच संस्थेत टोमॅटोवर काम करणारा. पुढच्या वर्षी तिथे एकच कायमची जागा निघणार होती आणि ती कादंबरीला किंवा गौरांगला, हे सगळ्यांना माहीत होतं. गौरांग मार्चमध्ये घरी गेला होता. देवगडला हापूस जसा आहे तसा काजूही आहे. माझ्या मनात त्याला मी जवळजवळ शिक्षा सुनावून टाकली होती.

"ताई, कसं दिसतंय ते आय नो," त्यानं ताटातला बटाटा बाजूला सारला. "सगळे माझ्याकडे बघून गप्प होतात. पण मी ओस्टर्न संपल्यावर लँड झालो. बहिणीचं लग्न होतं, पाडवा पण तिकडेच केला. तेव्हा इथे डाग ऑलरेडी आलेले होते. फ्राऊ लिंडनरनी मला आल्या आल्या दाखवले."

"काही सामान पाठवलं होतंस कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर पाठवणार? इथे आहे कोण आपलं?" तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "खरं सांगू? ती पोस्ट मला अशी मिळाली तर मला नकोय. जन्मभर लोक म्हणतील, हिच्या जाण्यामुळे मिळाली. आणि कादंबरीची कंडिशन तुम्हाला माहितेय का? तिची आई गेली, दीड वर्ष होत आलं. तेव्हा तिला वेळेवर पोचताही आलं नाही. त्यानंतर ती कुणात मिसळतच नाही. डबा पण हरितगृहात बसून खाते."

"तुला काय वाटतं, तिनं आणला?"

"तिनं आणला असता तर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला असता. तिचे पिंजरे बघितलेत? एक मुंगी पण आत जात नाही."

या वाक्यानं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी जेवण टाकून पुन्हा टेकडी चढले आणि फ्राऊ लिंडनर यांना विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला.

"पहिले डाग कुठल्या झाडावर दिसले?"

"त्या," त्यांनी बोट दाखवलं. "कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर. त्याच्यावर तर कुणी प्रयोगही करत नाही."

४

कोपऱ्यातलं झाड माझ्या उंचीचं होतं. संस्था सुरू झाली तेव्हाचं, मोठ्या कुंडीतलं, शोभेला ठेवलेलं. ज्याला प्रयोगासाठी किडा हवा आहे, तो त्याला इथे का सोडेल? आणि ज्याला कादंबरीचं काम बिघडवायचं आहे, तो तरी तिची रोपं सोडून या झाडाकडे का येईल? किडा इथे कुणी सोडला नव्हता. तो इथे दुसऱ्या कशावर तरी बसून आला होता.

मी गुडघे टेकले. माझ्या वयात टेकलेले गुडघे परत उचलायला वेळ लागतो, त्यामुळे नीट शोधायचं ठरवलं. बुंध्याशी गळलेली पानं साचली होती. ती चिमट्यानं एकेक बाजूला केली आणि खाली एक डहाळी निघाली.

डहाळी चहाची नव्हती. पानं सुकली होती तरी ओळखू येत होती: निमुळती, कोयरीसारखी वळलेली, कडांना करवतीचे दाते. कोवळा देठ मात्र सकाळ-संध्याकाळच्या तुषारांमुळे बराच काळ हिरवा राहिला असावा. मी त्यावर भिंग धरलं. देठातून दोन पांढरे केस बाहेर आलेले, एक लांब, एक आखूड. त्यांच्या शेजारी आणखी दोन. पुढे आणखी. ढेकण्याची मादी अंडं देठाच्या आत खुपसते आणि अंड्याला श्वास घ्यायला हे दोन केस तेवढे बाहेर ठेवते. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. विमानतळावरच्या कुत्र्यालाही त्याचा वास यायचा नाही. काजूचा मोहर सरला की ढेकण्या शेजारच्या कोवळ्या पालवीवर जातो. पेरूवर जातो, आणि कडुनिंबावरही.

ही कडुनिंबाची डहाळी होती. तिच्या देठाला लाल दोरा बांधलेला होता.

मी तशीच मातीत बसून राहिले. फ्राऊ लिंडनर यांनी लांबून विचारलं, "काही सापडलं?" लाल दोरा, कडुनिंब, मार्च महिना. कुठल्याही जर्मन माणसाला हा कचरा वाटला असता. मला तो पाडवा दिसला. संध्याकाळी उतरवलेली गुढी दिसली. आणि उतरवल्यावर तो पाला टाकायचा कुठे हा प्रश्नही दिसला. निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकवत नाही. नदीत टाकलं तर इथे दंड होतो. पायदळी येऊ द्यायचं नसतं. मग उरतं ते झाडाचं मूळ, आणि मार्चमध्ये येनात बाहेरची माती थंडीनं कडक असते.

या हरितगृहाला ठाऊक असलेली मराठी माणसं तीन. त्यातली मी पाडवा कधी येतो हे दुसऱ्या दिवशी भावाच्या फोनवरून कळणारी. गौरांग पाडव्याला देवगडला होता.

राहिली कादंबरी. आणि बैठक परवावर आली होती.

५

लोबेडा या उपनगरातल्या विद्यार्थ्यांच्या इमारतीत सातव्या मजल्यावर तिची खोली होती. "नक्की या हं घरी" असं म्हटल्याला दोन वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले, तीही चौकशीला. मला माझीच लाज वाटली.

तिनं चहा केला. आलं घालून, उकळून. मी कप घेतला आणि सरळ विचारलं, "पाडव्याला काय केलंस यंदा?"

"काही नाही ताई. मी गुढी-बिढी नाही उभारत."

हे बोलताना तिच्या हातातला कप हिंदकळला आणि चहा फरशीवर सांडला. ती घाईनं दाराआडचा पुसायचा दांडा घेऊन आली आणि वाकून पुसू लागली. दांड्याचं वरचं टोक माझ्या नाकासमोर हलत होतं. त्याला हळदीचा पिवळा डाग होता आणि त्यावर कुंकवाची दोन बोटं.

"दांड्याला कधीपासून हळदकुंकू वाहतात गं?"

ती पुसायची थांबली. वर बघेना.

मी पर्समधून घट्ट झाकणाची डबी काढून टेबलावर ठेवली. आत डहाळी होती. "गुढी तू उभारलीस. पण ही डहाळी तू नाही ठेवलीस तिथे. तुला कीटक कळतात. बाहेरचा हिरवा देठ हरितगृहात न्यायचा नसतो हे तुला झोपेतही आठवेल. मग कुणी ठेवली? मार्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले होते, दाराशी बूट काढून मोज्यांवर आत गेले. हरितगृहात कुणी बूट काढत नाही, कादंबरी. बूट काढतात ते देवळात. बाबा आले होते ना तुझे?"

ती फरशीवरच बसली आणि रडली. मी तिच्याजवळ बसले. कुणाच्या पाठीवर हात ठेवायची माझी सवय गेलेली होती, तो हात कुठे ठेवावा हे मला पटकन कळेना.

"आईचं वर्ष झाल्यावरचा पहिला पाडवा," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, तिकडे एकटा उभारणार नाही, तुझ्याकडे येतो. त्यांच्या शाळेच्या आवारातला पाला ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. दिवसभर या खोलीत एकटे बसायचे ताई, टीव्ही जर्मन, शेजारी जर्मन. म्हणून दुसऱ्या दिवशी म्हटलं, चला, माझं काम दाखवते. ते चहाचं मोठं झाड बघितलं आणि उभेच राहिले. म्हणाले, तुझ्या आईला चहा किती लागायचा गो. दिवसातून किती वेळा टाकायची! आणि खिशातून ती डहाळी काढली. ती त्यांनी रात्रभर जपून ठेवली होती, टाकायला जागा सापडेना म्हणून. बुंध्याशी ठेवली. हात जोडले, डोळे मिटले."

"आणि तू?"

"मला दिसत होतं. मला सगळं दिसत होतं. मला कळत होतं की हे काढायला हवं. पण त्यांनी डोळे मिटलेले होते ताई. आई गेल्यावर मी त्यांना असं शांत पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, उद्या काढीन. मग त्यांना फ्रँकफर्टला सोडायला गेले, मग विसरले, आणि आठवलं तेव्हा डाग आलेले होते."

"मग राइनहार्टना सांगितलं का नाहीस? चूक वेगळी आणि चोरी वेगळी."

"ते बाबांना विचारणार. पत्र जाणार, खुलासा मागणार. मग बाबांना कळणार की ते एकदाच आले आणि माझं तीन वर्षांचं काम गेलं. तिकडे घरात ते एकटे आहेत. हे घेऊन ते एकटे बसणार. त्यापेक्षा मला चोर म्हणू देत."

"करार जाईल."

"जाऊ दे. मी जाईन घरी. निदान दोघं तरी असू."

मला तिचा राग आला, खूप आला. "घरी जाऊन काय सांगणार आहेस? शेजारीपाजारी विचारतील तेव्हा? तू खोटं बोलशील आणि तुझे बाबा ते ओळखतील. शिक्षक ना ते?"

"पस्तीस वर्षं."

"मग कॉपी ओळखायला त्यांना किती वेळ लागेल?"

मी फोन तिच्यासमोर सरकवला. फोन लावायचा की नाही ते तिनं ठरवायचं होतं. मला इथे पुरावा सापडला होता, पण तो वापरायचा हक्क माझा नव्हता. चहा गार झाला. मग तिनं आकडे दाबले.

६

तिनं सगळं सांगितलं. स्पीकरवर पलीकडून काहीच आवाज येईना. एक कावळा मात्र स्पष्ट ऐकू येत होता. कादंबरी माझ्याकडे बघत होती, म्हणजे फोन कट झाला का असं विचारत होती.

"म्हणजे," भास्कर सामंत अखेर म्हणाले, "माझ्यासाठी तू इतके दिवस चोर म्हणवून घेतलंस?"

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं..."

"मला माहीत नव्हतं, ते ठीक. तुला माहीत होतं. मला तिथेच हटकायचं. मी पोरांना पस्तीस वर्षं सांगत आलो, मास्तर चुकला तर हात वर करा." मग म्हणाले, "तुझी आई असती तर दोघांना एकदम बोलली असती. तुला आधी. आता रडू नको गो बाय. तुझ्या साहेबांना मी सांगतो. मला इंग्रजी येतं."

"आणि बाबा, ते झाड... ते ठेवता येणार नाही. सगळीच झाडं."

पुन्हा कावळा ऐकू आला. "किडलेलं ठेवून कसं चालेल?" ते म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हा मी तुला वेळेवर कळवलं नाही, तुझी परीक्षा म्हणून. बघ, मी पण असंच केलं होतं. आता दोघांनी पुरे करू हे."

शुक्रवारी बैठकीत मी किड्याचं नाव दिलं. ते टेबलावर ठेवून राइनहार्ट बाकीचं उघड करायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "बसा. नावानं इतकंच कळतं की हा आसामचा नाही." मग डहाळी दाखवली, देठातले दोन दोन केस दाखवले, पहिला डाग कोपऱ्यातल्या झाडावर का पडला ते सांगितलं. आणि फोन लावला. भास्कर सामंतांनी वर्गात शिकवावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत सांगितलं की ही डहाळी मी आणली, मी ठेवली, आणि माझ्या मुलीनं ती उचलली नाही कारण मी तिच्या आईसाठी हात जोडले होते. "दॅट इज हर ओन्ली मिस्टेक, सर. अँड आय अॅम द कॉज." ऐकता ऐकता राइनहार्ट उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

कादंबरीला लेखी समज मिळाली. करार राहिला. नवीन रोपं वाढेपर्यंत तिचं वर्ष जवळजवळ फुकट जाणार होतं आणि ते तिनं मान्य केलं. गौरांग म्हणाला, रोपांना पाणी घालायला मी येईन, म्हणजे जागेसाठी आपण नीट भांडू तरी.

झाडं मारायची ती वाफेच्या भट्टीत. हरितगृहाच्या मागच्या खोलीत लोखंडी दाराची मोठी भट्टी होती. लहान रोपं आधी गेली. कोपऱ्यातलं झाड फ्राऊ लिंडनर यांनी स्वतः कापलं, फांदी फांदी करून, आणि शेवटी मी डबीतली डहाळी त्यावर ठेवायला निघाले.

कादंबरीनं बूट काढले. मीही काढले. जमीन ओली होती. फ्राऊ लिंडनर यांनी आमच्या पायांकडे पाहिलं, नेहमीसारख्या पुटपुटल्या, आत गेल्या आणि वर्तमानपत्र घेऊन आल्या. ते त्यांनी आमच्या पायांखाली अंथरलं. मग एक पान उरलं त्यावर स्वतः उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पायांतही बूट नव्हते.

दार बंद झालं. वाफ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. वाफ निवल्यावर फ्राऊ लिंडनर यांनी दार उघडलं आणि खोलीभर वास पसरला.

कादंबरी तीन वर्षं चहाच्या पानांचा वास मोजत होती. यंत्रं लावून, आलेख काढून. आता तिनं माझा दंड घट्ट धरला.

"ताई," ती म्हणाली, "आईनं चहा टाकलाय."